उंटाची डोकेदुखी

७ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

माझं पत्र पाहून दचकू नकोस, घरचे सगळे धडधाकट आहेत. आईला या पत्रातलं अक्षरही कळता कामा नये, एवढं पथ्य मात्र पाळ.

मला एक गोळी सांग. डोकेदुखीची, पण झोप न आणणारी. चाळीस वर्षं तू माणसांना भूल दिलीस, बेशुद्ध केलंस, परत जागं केलंस. तुला माहीत नसेल तर कुणाला असणार?

झालंय असं की गेले दोन महिने पाण्यातून वर आले की डोकं धरतं. खाली असताना काही नाही. वर येऊन सूट काढला, अर्धा तास गेला, की दोन्ही कानशिलं ठण ठण ठण. दोन-तीन तास राहतं आणि आपोआप जातं. रोज नाही, पण आठवड्यातून चार दिवस तरी.

इथल्या डॉक्टरला विचारायची सोय नाही. वीस मार्चला माझी प्रशिक्षकाची परीक्षा आहे. पास झाले तर स्वतःच्या सहीने लोकांना पाण्याखाली नेता येईल. आत्ता मी नुसती मदतनीस आहे. परीक्षेआधी डुबकीच्या डॉक्टरचा दाखला लागतो. त्याच्या कानावर हे गेलं तर तो मला किनाऱ्यावर बसवेल, आणि पुढची परीक्षा वर्षभराने. आमच्या धक्क्यावर सहा पुरुष आणि मी एकटी. ‘बाईमाणसाला पाणी झेपत नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडी येऊ नये म्हणून मी दोन वर्षं मर मर मरतेय.

तेव्हा भाषण नको. फक्त गोळीचं नाव.

तुझी,
बेडकी


१२ फेब्रुवारी

प्रिय बेडकी,

भाषण नको म्हणतेस? मग पत्ता चुकलीस.

गोळी मिळणार नाही. दुखणं म्हणजे दारावरची घंटा. कुणीतरी बाहेर उभं आहे म्हणून ती वाजते. तू मला घंटेची तार कापायची कात्री मागतेस. अगं, आधी दार उघडून बघ तरी कोण आलंय! माणसांनी आपल्या शरीराशी असं वागायचं, मालकांनी कामगारांशी असं वागायचं, आणि मग सगळं कोसळलं की म्हणायचं, ‘काही कल्पनाच नव्हती.’ कल्पना होती. घंटा वाजत होती.

झालं माझं भाषण. आता कामाचं.

एक गोष्ट आधी, ठळक अक्षरात वाच. डोक्याबरोबर हातपाय बधिर झाले, सांधे दुखले, चक्कर आली, बोलताना जीभ अडखळली, तर ते पत्रात लिहायचं नाही. त्याच मिनिटाला दवाखाना गाठायचा. परीक्षा गेली खड्ड्यात. कबूल असेल तरच पुढचं वाच.

मला पाण्याखालचं ओ की ठो कळत नाही. तुझं पत्र आल्यावर वाचनालयातून दोन जाड पुस्तकं आणली. वाचून झाल्यावर माझंच डोकं दुखलं, पण मजा आली. कारणं किती निघावीत! मास्कचा पट्टा घट्ट असला तर कपाळ दुखतं. (मी पोहण्याचा चष्मा करकचून लावून अर्धा तास वर्तमानपत्र वाचलं. खरंच दुखतं. दूधवाला दारातून पळाला.) सर्दी असेल तर भुवयांच्या वरच्या पोकळ्यांत दाब अडकतो, ते खाली जातानाच टोचतं. तोंडातला रबराचा तुकडा दातांनी आवळून धरला तर जबडा आणि कानशील. मान उंचावून पोहलीस तर मागची बाजू. पाणी कमी प्यायलीस तर सगळंच. थंडीने. सूटची कॉलर गळ्याला आवळली तर त्यानेही.

तेव्हा एक वही कर. प्रत्येक डुबकीला एक ओळ. किती खोल, किती वेळ, पाणी किती प्यायलीस, खाल्लंस काय, दुखलं कुठे आणि वर येताना सिलिंडरमध्ये हवा किती उरली. एका वेळी एकच गोष्ट बदल. तीन गोष्टी एकदम बदलल्यास तर चोर सुटेल आणि आपण तिघांना धरून बसू.

आणि फोन करायचा नाही. फोनवर तू सराईतपणे थापा मारतेस. कागदावर थाप मारायला माणसाला जरा थांबावं लागतं.

अनेक आशीर्वाद आणि एक चापट,
मावशी


२२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझ्या डोक्यावर चष्मा करकचलेला डोळ्यांसमोर आला आणि मी धक्क्यावर एकटीच हसत सुटले. सगळ्यांनी वळून पाहिलं.

वहीची पानं सोबत आहेत. चौदा डुबक्या. पट्टा दोन भोकं सैल केला, तरी दुखलं. तोंडातला रबराचा तुकडा मऊ आणला, तरी दुखलं. रोज तीन लिटर पाणी प्यायले. डोकं दुखायचं ते दुखलंच, वर होडीतून दर अर्ध्या तासाला ‘किनाऱ्याला लावा’ म्हणायची पाळी आली. कप्तान म्हणाले, “अगं, समुद्र वाढवायला निघालीस का?” कप्तान म्हणजे आमच्या डुबकीशाळेचे मालक. होडी त्यांची, सिलिंडर त्यांचे, आरडाओरडाही त्यांचाच.

सर्दी नाही. मान सरळ ठेवते. कॉलर सैल आहे. बधिर-बिधिर काही नाही, शप्पथ.

शेवटच्या रकान्याचं म्हणशील तर हवेचा काटा बघायचा राहून जातो. वर आल्यावर शिकाऊ लोकांना सावरायचं असतं ना.

हो, एक गंमत सांगायची राहिली. परवा एका शिकाऊ मुलीचंही डोकं दुखत होतं. मी तिला म्हटलं, ये बाई, आपण मंडळ काढू. आम्ही दोघी कॉम्प्रेसरच्या खोलीमागे सावलीत बसलो होतो. कॉम्प्रेसर म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबून भरायचं यंत्र. पण तिथेही धड बसता येईना, कारण शेजारी होडीचं इंजिन दुरुस्त करून फुरफुरवत होते. धुराने जीव नकोसा झाला.

चोर सापडत नाही, मावशी. परीक्षेला सव्वीस दिवस उरले. कारण शोधायला मजा येतेय हे खरं, पण मजेवर दाखला मिळत नाही.

तुझी,
बेडकी


२६ फेब्रुवारी

बेडके,

चोर सापडला! आणि तू त्याच्या सावलीत बसून गप्पा मारत होतीस!

वाच स्वतःचंच पत्र. कॉम्प्रेसर बाहेरची हवा आत ओढतो. शेजारी इंजिन धूर ओकतंय. तो धूर सिलिंडरमध्ये जातो, सिलिंडर तुझ्या पाठीवर चढतो आणि तुम्ही सगळे पाण्याखाली तो घुटके घेत पिता. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं ही त्याची पहिली हाक. दुसरी हाक ऐकायला माणूस शुद्धीवर नसतो. आणि त्या मुलीचंही डोकं दुखलं! आणखी काय पुरावा हवा?

हवा तपासून येईपर्यंत पाण्यात पाऊल टाकायचं नाही. ही विनंती नाही.

मी एवढी का पेटले ते तुला सांगते. तुझ्या आईलाही हे माहीत नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या वायूच्या नळीला मला वेगळाच वास आला. वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, “नव्या डॉक्टरांना सगळ्याचाच वास येतो.” सगळे हसले. मीही हसले. दोन दिवस गप्प बसले. त्या दोन दिवसांत एका बाईला भुलीतून उठायला नऊ तास लागले. उठली, देवाची कृपा. पण ते नऊ तास मी तिच्या उशाशी उभी होते, आणि तेव्हापासून मी गप्प बसलेली नाही. लोक म्हणतात, बाईंना भाषणाची खोड आहे. खोड नाही, ती फेड आहे.

म्हणून तुझ्या कप्तानांना मी आजच्याच टपालाने वेगळं पत्र टाकलं आहे. जे लिहायचं ते सणसणीत लिहिलं आहे.

मावशी


२ मार्च

मावशी,

तू काय करून बसलीस?

कप्तानांनी तुझं पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. “आपण माणसांना शिकवता की गुदमरवता?” हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मग पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “डोकं दुखतंय हे मला सांगायला तोंड नव्हतं, मावशीला सांगायला होतं.”

कॉम्प्रेसर बंद. हवेचा नमुना तपासायला गेला. सगळ्या डुबक्या रद्द, माझा सरावही. सहा जण दिवसभर धक्क्यावर पाय हलवत बसतात आणि मी आले की गप्प होतात. एक जण मला पाहून कपाळाला हात लावून कण्हतो, बाकीचे खिंकाळतात. आता दाखल्याच्या डॉक्टरपर्यंतही हे जाणारच.

तू दोन दिवस गप्प बसलीस त्याचं तुला ओझं आहे, मला कळतं. पण ते ओझं तू माझ्या पाठीवर टाकलंस. तिथे आधीच एक सिलिंडर आहे.

आता लिहू नकोस.


६ मार्च

डॉक्टरबाईंना नमस्कार.

मी आपल्या भाचीचा कप्तान. लिहायची सवय नाही, चुकलं-माकलं समजून घ्या.

आपलं पत्र वाचून आधी राग आला. मग रात्रभर पडल्या पडल्या वाटलं, बाई खरं बोलत असली तर? म्हणून सकाळीच यंत्राला कुलूप लावलं. आज हवेचा अहवाल आला, नक्कल सोबत जोडली आहे. धूर नाही, तेल नाही, काही नाही. यंत्र हवा ओढतं ती छपरावरच्या नळीतून, आणि इंजिन फुरफुरवताना यंत्र बंद असतं, हा आमचा नियम आहे. तरी आपल्या शब्दाला मान म्हणून नळी आणखी दोन हात उंच केली.

आणखी एक. आम्ही सात जण त्याच यंत्राची हवा पितो. सहा डोकी ठणठणीत आहेत. (आत काही आहे की नाही हा वेगळा प्रश्न.) त्या शिकाऊ मुलीला मी विचारलं. ती म्हणाली, सकाळपासून भीतीने काही खाल्लं नव्हतं. बिस्किटं खाल्ल्यावर राहिलं.

तर बाई, दोष हवेत नाही. मग पोरीला होतंय काय? मला काळजी लागली आहे. तिच्यासारखी पाण्यातली माणसं कमी. आमच्याकडे एक फळा आहे, ‘कंजुषांचा फळा’. वर आल्यावर प्रत्येकाने उरलेली हवा लिहायची. ज्याची सगळ्यात कमी उरली त्याने त्या दिवशी सगळ्यांचे सूट धुवायचे. पहिलं वर्षभर रोज तिनेच धुतले. आता दोन महिने तिने एक सूट धुतलेला नाही. आमचे काटे साठ-सत्तर बारवर येतात (बार म्हणजे सिलिंडरमधल्या हवेच्या दाबाचं माप), हिचा एकशेदहावर! आम्ही तिला उंट म्हणतो. एकदा प्याली की बघायला नको. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, एवढी कमी हवा पिणारा माणूस पाहिला नाही.

अशा माणसाचं डोकं का दुखावं?

आपला,
कप्तान


९ मार्च

प्रिय बेडकी,

लिहू नकोस म्हणालीस. हे एक वाच, मग हवं तर वर्षभर बोलू नकोस.

आधी माफी. मी चुकले. आधी चोर ठरवला आणि मग पुरावा गोळा केला. हेच मी आयुष्यभर दुसऱ्यांना करू नका म्हणून सांगत आले. कप्तानांनाही तसं लिहिलं आहे. माणूस सरळ आहे. माझ्या शिव्या खाऊन त्याने आधी यंत्र बंद केलं, मग उत्तर दिलं. माझ्या वरिष्ठांनी एवढं केलं असतं तर.

आता शेवटच्या रकान्याचं. चौदा ओळींत पाणी किती, बिस्किटं किती, सगळं मोजून लिहिणाऱ्या पोरीचा हवेचा काटा तेवढा चौदाही वेळा बघायचा राहतो? मला तेव्हाच कळायला हवं होतं. तो फळा आणि ते ‘उंट’ वाचलं आणि मी तुझ्या वहीची पानं पुन्हा काढली.

तू श्वास धरून ठेवतेस. एक घेतेस, अडवतेस, मनात मोजतेस, मग सोडतेस. म्हणून हवा उरते. म्हणून सूट धुवावे लागत नाहीत. आणि म्हणूनच डोकं दुखतं.

चाळीस वर्षं मी एकाच गोष्टीची राखण केली: झोपलेल्या माणसाने आत घेतलेलं बाहेर पडतंय ना. श्वास म्हणजे नुसतं घेणं नव्हे. शरीरात तयार होणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं हे त्याचं अर्धं काम. तो साचला की मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि कानशिलं ठणकायला लागतात. वर येऊन मोकळा श्वास घेतलास की हळूहळू उतरतं. बाई गं, तू हवा वाचवत नव्हतीस, उष्टी हवा साठवत होतीस! आणि डोकेदुखीवरच थांबलं हे नशीब. खोल पाण्यात तो फार साचला तर माणूस गोंधळतो, शुद्ध हरपते.

आता कठीण भाग. तू सहा वर्षांची होतीस. झोपाळ्यावरून पडलीस, हनुवटीला चार टाके घालायचे होते, आणि तू दवाखाना डोक्यावर घेतला होतास. मी तुझ्यासमोर तीन बोटं धरली. “श्वास घे. धर. एक, दोन, तीन. आता सोड.” तू टाके पडेपर्यंत हूं की चूं केलं नाहीस. मी सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरले, पोरगी कशी शहाणी. पुढे परीक्षेला, इंजेक्शनला, अंधाराला, सगळीकडे तीन बोटं.

खरं सांग. पाण्याखाली तू तीनच मोजतेस ना?

मावशी


१४ मार्च

प्रिय मावशी,

तीन नाही. आधी तीन होते. आता सात.

वही मुद्दाम रिकामी ठेवली. तुला कळेल म्हणून नव्हे. मला स्वतःलाच कळायला नको होतं. पहिलं वर्ष मी रोज थंड पाण्यात सात सूट बुडवले, घासले, उलटे केले, वाळत घातले. ते सहा जण बाकावर बसून म्हणायचे, “लहान बाई, मोठी फुप्फुसं!” एक दिवस भरकटलेल्या शिकाऊच्या मागे जाताना भीती वाटली आणि तुझी तीन बोटं आठवली. वर आले तर फळ्यावर पहिली. मग चार मोजले. मग पाच. घरात बेडकी आणि धक्क्यावर उंट, असं सोंग कोण मोडेल?

पत्र वाचल्यावर मी आधी कप्तानांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ दोर गुंडाळत राहिले. मग म्हणाले, “फळा मी लावला. चूक माझीपण आहे. पण शिकाऊंना आपण पहिल्या दिवशी काय सांगतो?” मी म्हटलं, श्वास कधीही अडवू नका. “मग?” म्हणाले. ते ‘मग?’ अजून टोचतंय.

दाखल्याच्या डॉक्टरलाही स्वतःहून सांगितलं. त्याने सगळं तपासलं, तुझी कारणांची यादी वाचून हसला आणि म्हणाला, सहा डुबक्या सरळ श्वासाने कर, डोकं दुखलं नाही तर सही करतो.

चार झाल्या. मावशी, मला श्वास घेताच येत नाही! सवय अशी चिकटलीय की लक्ष हटलं की छाती आपोआप कुलूप लावते. भीती वाटली की जास्तच. परीक्षेत तर भीती वाटणारच. तीन बोटं काढून घेतलीस, आता हातात काय देतेस?

तुझी,
बेडकी


१७ मार्च

बेडके,

तीन बोटं काढून घेतलेली नाहीत. जागा बदल. मी तेव्हा चुकीच्या ठिकाणी मोजायला शिकवलं.

घेताना मोजू नकोस, ते आपोआप होतं. अडवायचं तर नाहीच. सोडताना मोज. एक, दोन, तीन, बुडबुडे जाऊ देत.

मी आरामखुर्चीत बसून दोन दिवस हेच करून पाहतेय. चष्मा लावलेला नाही.

मावशी


२१ मार्च

प्रिय मावशी,

सहाही डुबक्या झाल्या, सही मिळाली, काल परीक्षा झाली. क्रमाने सांगते, उतावळी होऊन शेवट वाचू नकोस.

परीक्षेला खराखुरा शिकाऊ देतात. मला मिळाला एक शिंपी, चाळिशीचा, जाडजूड. होडीत एवढे विनोद करत होता की मी ओळखलं, घाबरलाय. सहा मीटरवर गेलो आणि त्याचे बुडबुडे थांबले. मास्कच्या काचेमागे डोळे बशीएवढे. छाती फुगवून, श्वास धरून, वर जायला पाय मारणार! भरल्या फुप्फुसांनी माणूस सुसाट वर गेला तर आतल्या आत फाटतं. परीक्षक दोन हातांवर होते. ते पुढे येण्याआधी मी शिंप्याचा पट्टा धरला आणि डोळ्यांसमोर तीन बोटं उभी केली.

तो बघत राहिला. मी एक बोट मिटलं आणि माझे बुडबुडे सोडले. दुसरं मिटलं, सोडले. तिसऱ्याला त्याच्या तोंडातून बुडबुड्यांचा असा लोट निघाला की मला तो क्षणभर दिसेनाच. मग आम्ही दोघं तिथेच, वाळूवर गुडघे टेकून, श्वास घेत बसलो. बराच वेळ. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं, पण काही केलं नाही.

वर आल्यावर त्यांनी माझा काटा वाचला: बेचाळीस बार. सगळ्यांत कमी. मला वाटलं, गेलं. ते म्हणाले, “हवा वापरण्यासाठी असते, हे आज पहिल्यांदा कुणीतरी लक्षात ठेवलं.” पास.

फळा अजून आहे. कप्तानांनी ‘कंजुषांचा’ पुसून तिथे काही लिहायला खडू उचलला आणि सुचेना म्हणून तसाच ठेवला. मी माझा बेचाळीसचा आकडा सगळ्यांत खाली लिहिला. सहा जण एकदम ओरडले, “उंट मेला!” नियम म्हणजे नियम. बादली घेतली आणि सातही सूट धुतले, शिंप्याचा धरून आठ. तो बाकावर बसून म्हणाला, “बाई, उलटे करून वाळत घाला, शिवण टिकते.”

आता रात्र होत आली, डोकं शांत आहे. पाठ मात्र मोडून आलीय. गोळीचं नाव सांगू नकोस. कारण मला माहीत आहे.

तुझी,
बेडकी